विश्लेषण : सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी काय घडले? भाई कोतवालांची आठवण आजही मनांना कशी घडवते?

मुरबाड तालुक्यातील सिद्धगड परिसरात दर वर्षी २ जानेवारीला पहाटेच्या थंडीत माणसे जमतात. हुतात्मा भाई कोतवाल आणि हुतात्मा हिराजी पाटील यांना मानवंदना दिली जाते. घटनेला ८० हून अधिक वर्षे झाली. जमणाऱ्यांपैकी बहुतेकांनी या दोघांना पाहिलेलेही नाही. तरीही गोळीबाराचा प्रसंग ऐकताना अनेकांचा आवाज जड होतो, जणू आपल्याच घरातला माणूस गेला. न पाहिलेल्या घटनेचे दुःख माणसाला आपले का वाटते? समूहावर झालेला आघात पुढच्या पिढीतील एकेका व्यक्तीच्या मनात कसा उतरतो? आणि समाज जे आठवतो व जे विसरतो, त्याचा परिणाम काय होतो? कोतवालांच्या जेमतेम ३० वर्षांच्या आयुष्यातून या प्रश्नांची उत्तरे शोधता येतात.

सिद्धगड नेमका कुठे आहे?

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला खेटून सिद्धगड उभा आहे. हा भाग आज भीमाशंकर अभयारण्यात येतो. गोरखगड आणि मच्छिंद्रगड हे त्याचे शेजारी. पायथ्याकडे नारिवली, जांभुर्डे ही गावे आणि मध्ये दाट रान. उत्तरेला शहापूरपर्यंत पसरलेल्या या डोंगरपट्ट्यात ठाकर, कातकरी, महादेव कोळी समाजाच्या वाड्या आहेत.

१९४२ मध्ये या जागेचे एक व्यावहारिक महत्त्व होते. ठाणे, कुलाबा (आजचा रायगड) आणि पुणे या तीन जिल्ह्यांच्या हद्दी इथून जवळ. एका जिल्ह्याचे पोलीस मागे लागले तर डोंगर ओलांडून दुसऱ्या जिल्ह्यात जाता येई. भूमिगतांना अशी जागा सोयीची असते.

भाई कोतवाल कोण होते?

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. माथेरान तेव्हा साहेबांचे थंड हवेचे ठिकाण होते. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये ते इंग्रजांच्या नकाशावर आणले. १९०५ मध्ये नगरपालिका झाली, १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे डोंगर चढू लागली. वर बंगले, क्लब आणि घोड्यांची सवारी. त्या सगळ्याची सेवा करणारी माणसे मात्र स्थानिक आणि गरीब. एकाच डोंगरावर दोन जगे होती आणि कोतवाल दुसऱ्या जगात वाढले.

पुढच्या शिक्षणाची सोय गावात नव्हती. ते पुण्यात नातेवाईकांकडे राहून शिकले, नंतर मुंबईत कायद्याची पदवी घेऊन वकील झाले. नाभिक घरातला मुलगा त्या काळी वकील होणे ही मोठी झेप होती. मुंबईत स्थिरावणे त्यांना शक्य होते. पण ते आपल्या भागात परतले. माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षपद त्यांनी सांभाळले आणि कर्जतच्या परिसरात शेतकऱ्यांचे, कुळांचे खटले लढवू लागले. भाई हे नाव त्यांना याच कामातून चिकटले.

त्यांच्या मनावर कोणत्या जुन्या आठवणींचे ओझे होते?

माणूस जन्माला येतो तेव्हा त्याच्या भागाची स्मृती आधीच तिथे असते. कोतवालांच्या बाबतीत अशा तीन स्मृती ठळक दिसतात.

पहिली बलुतेदारीची. नाभिक हे बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर काम करायचे आणि सुगीत खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचे धान्य घ्यायचे, ही गावगाड्याची रीत. वाटा किती मिळेल हे देणाऱ्याच्या मर्जीवर. दुसऱ्याच्या खळ्यावर उभे राहून धान्याची वाट पाहणे ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या मनात मुरते.

दुसरी कर्जाची. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे इथून सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला, तो दख्खनचे दंगे म्हणून ओळखला जातो. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला. घाटावरचे हे दिवस घाटाखालच्या गावांनाही ठाऊक होते. सावकाराच्या वहीवर उमटलेला अंगठा आणि गेलेली जमीन यांच्या गोष्टी घराघरांत होत्या.

तिसरी बंडाची. महादेव कोळी समाजातील राघोजी भांगरे यांनी याच सह्याद्रीत सावकार आणि कंपनी सरकारशी झुंज दिली. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात मरण पावले. कोतवाल १७ वर्षांचे असताना, २५ सप्टेंबर १९३० रोजी, उरण भागातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. डोंगरात शिरणे, सरकारशी भिडणे आणि त्यापायी मरणे ही या भागाला अनोळखी गोष्ट नव्हती.

अपमान, भूक आणि बंड या तिन्ही आठवणी त्यांच्या आधीपासून होत्या. त्या सगळ्यांच्याच वाट्याला आल्या होत्या. कोतवालांनी त्यांचे काय केले, यात त्यांचे वेगळेपण आहे.

धान्यकोठीची योजना काय होती?

डोंगराळ भागातील शेतकऱ्याचे वर्ष दोन भागांत मोडते. भात निघाले की काही महिने घरात धान्य असते. पावसाळा तोंडावर येतो तेव्हा कणगी रिकामी होते. नेमकी तेव्हाच लावणीची कामे असतात, मजुरी करायला वेळ नसतो आणि खायला घरात काही नसते. मग सावकाराकडून खावटी उचलावी लागे. सुगीत ती सवाईने किंवा दिढीने फेडायची. म्हणजे एक मण नेले तर सव्वा किंवा दीड मण परत. व्याज वर्षाचे वाटले तरी मधला काळ जेमतेम चार-पाच महिन्यांचा. फेडून झाले की घरात उरलेले धान्य आणखी कमी, त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात खावटी आणखी मोठी. चक्र स्वतःच वेग घेत जाते.

कोतवालांनी यावर धान्यकोठ्यांचा मार्ग काढला. सुगीत गावकऱ्यांनी आपले थोडे धान्य एका ठिकाणी जमा करायचे आणि अडचणीच्या महिन्यांत गरजूंनी तिथून उसने न्यायचे. सावकाराच्या दारात जायची वेळ येऊ नये, हा हेतू. आजच्या भाषेत ही गावाची धान्य बँक.

हिशेबापलीकडेही तिचे महत्त्व होते. सावकारापुढे उभा राहणारा माणूस एकटा असतो, ओशाळलेला असतो. धान्यकोठीत तोच माणूस सभासद असतो. भूक तीच, गरज तीच, पण मागण्याची लाज जाते. पिढ्यांची भीती भाषणाने कमी होत नाही. पुढच्या पावसाळ्यात घरात दाणा असेल, याची खात्री मिळाली की ती कमी होऊ लागते.

याच काळात त्यांनी खेड्यांतील मुलांसाठी लोकांच्या बळावर शाळा सुरू केल्या. शिक्षणासाठी स्वतःला गाव सोडावे लागले होते, ती वेळ इतरांवर येऊ नये, असा त्यामागचा सरळ विचार. अंगठ्याऐवजी सही करता येणारा शेतकरी सावकाराची वही वाचू शकतो. धान्यकोठी आणि शाळा ही एकाच कामाची दोन अंगे होती.

१९४२ मध्ये वकील भूमिगत का झाला?

१९४२ च्या सुरुवातीला जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथून येणारा तांदूळ बंद झाला. महागाई वाढली, टंचाई वाढली. भातखाऊ कोकणाला आणि मुंबईला त्याची झळ थेट बसली. धान्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या माणसाला युद्ध आणि भूक यांचा संबंध वेगळा समजावून सांगावा लागला नसेल.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गवालिया टँक मैदानावर छोडो भारतचा ठराव झाला. ९ ऑगस्टच्या पहाटेपर्यंत बडे नेते अटकेत होते. आंदोलन नेत्यांविना सुरू झाले आणि म्हणूनच ते तालुक्या-तालुक्यांत वेगवेगळ्या रूपांत वाढले. कोतवालांवरही वॉरंट निघाले. ते भूमिगत झाले आणि कर्जत, नेरळ, मुरबाड भागातील तरुणांना घेऊन आझाद दस्ता उभा राहिला. कर्जत तालुक्यातील मानिवलीचे हिराजी पाटील त्यात होते. हिराजींचे वडील गोमाजी पाटील हेही या लढ्यात होते. एका घरातली दोन पिढ्यांची माणसे एकाच वेळी जोखमीत उतरली होती.

विजेचे मनोरेच का पाडले?

टाटांची जलविद्युत केंद्रे सह्याद्रीच्या पायथ्याशी होती. खोपोलीचे १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिराचे १९२७ मध्ये सुरू झाले. घाटावरच्या तलावांतले पाणी नळांतून खाली सोडायचे, त्यावर टर्बाइन फिरवायचे आणि तयार झालेली वीज उच्च दाबाच्या तारांनी मुंबईला न्यायची, अशी रचना. गिरण्या, कारखाने आणि शहर त्यावर चालत. युद्धकाळात मुंबईचे बंदर आणि कारखाने ब्रिटिशांसाठी फार मोलाचे होते.

वीजकेंद्रावर पहारा ठेवता येतो. तारांची गोष्ट वेगळी. त्या रानातून, शेतांतून मैलोन्‌मैल जातात. शिवाय वाहिनी ही साखळीसारखी असते. मधला एक मनोरा कोसळला, तारा जमिनीला टेकल्या की तेवढी संपूर्ण वाहिनी बंद पडते. दुरुस्तीला माणसे, लोखंड आणि दिवस लागतात. रानाची खडान्‌खडा माहिती असलेल्या मूठभर लोकांना हे लक्ष्य सोपे होते आणि त्यात माणसे मरण्याचा धोका कमी होता.

१९४२ च्या पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत दस्त्याने रात्री-अपरात्री असे मनोरे पाडले. त्याचा फटका उद्योगांना आणि रेल्वेला बसला. सरकारने कोतवालांवर इनाम लावले आणि विशेष पोलीस पथके या भागात उतरवली.

शेवटची पहाट कशी होती?

वर्ष संपताना दस्ता सिद्धगडाच्या रानात होता. रानात लपणारी टोळी स्वतःच्या बळावर महिनोन्‌महिने जगू शकत नाही. भाकरी, मीठ, बातमी आणि वाटाड्या लागतो. आजूबाजूच्या वस्त्यांच्या आधाराशिवाय तेवढा काळ निभावणे अवघड होते. मात्र मुक्कामाची खबर अखेर पोलिसांपर्यंत पोहोचली.

२ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉल या ब्रिटिश पोलीस अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली आलेल्या पथकाने दस्त्याला गाठून गोळीबार केला. हिराजी पाटील तिथेच धारातीर्थी पडले. कोतवाल जखमी झाले आणि जखमी अवस्थेतच त्यांच्यावर जवळून गोळी झाडली गेली, असे या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. बाकीचे साथीदार रानात पांगले. कोतवालांनी तिशी ओलांडून एक महिना झाला होता.

समूहाचा घाव एका माणसाच्या मनात कसा उतरतो?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये या विषयावर मूलभूत मांडणी केली. माणूस एकटा आठवत नाही, असा तिचा गाभा आहे. कुटुंब, जात, धर्म, गाव यांनी दिलेल्या चौकटीत तो आठवतो. कोणती घटना महत्त्वाची, कोणती तारीख पाळायची, कोणाच्या नावापुढे हुतात्मा लावायचे, हे आपण समूहाकडून शिकतो. हाल्बवाक्स स्वतः १९४५ मध्ये नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीत मरण पावले.

मनोविकारतज्ज्ञ वामिक वोल्कन यांनी पुढे निवडलेला आघात आणि निवडलेला गौरव या दोन संकल्पना मांडल्या. समूहाच्या वाट्याला अनेक दुःखे येतात, पण त्यांतली एखादीच पुढे ओळख बनते. ज्या आघाताचा शोक पूर्ण झालेला नसतो, तो पुढच्या पिढीकडे एखाद्या कामगिरीसारखा सोपवला जातो. मुलाला तो पुस्तकातून कमी आणि मोठ्यांच्या चेहऱ्यावरून जास्त कळतो. कोणत्या नावाला आजोबा गप्प होतात, कोणत्या वाटेवर आजी हात जोडते, हे तो पाहत असतो.

युक्रेनचे उदाहरण इथे उपयोगी पडते. तिथे १९३२-३३ मध्ये सोव्हिएत राजवटीने सक्तीने धान्य उचलल्यामुळे दुष्काळ पडला आणि लाखो माणसे भुकेने मेली. त्याला होलोदोमोर म्हणतात. पुढची अनेक दशके त्याबद्दल उघड बोलायला बंदी होती. ब्रेंट बेझो आणि स्टेफानिया मॅग्गी या संशोधकांनी या दुष्काळाच्या नंतरच्या पिढ्यांवरील परिणामाचा शोध घेताना १५ कुटुंबांतील तीन पिढ्यांच्या ४५ जणांशी बोलून २०१५ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दुष्काळ न पाहिलेल्या मुला-नातवंडांमध्येही अन्न साठवून ठेवणे, अन्न टाकून देता न येणे, परक्यांवर विश्वास न बसणे, कायम सावध राहणे अशा सवयी दिसल्या. घटना बोलली गेली नव्हती, तरी ती वागण्यातून पोहोचली होती. आज तिथे नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी स्मृतिदिन पाळतात आणि खिडकीत मेणबत्ती लावतात.

होलोदोमोर आणि सिद्धगड यांची व्याप्ती एक नाही. तिथे लाखो मृत्यू, इथे दोन. पण स्मृती कशी प्रवास करते, हे समजून घ्यायला तुलना मदत करते. दोन्हीकडे मुळाशी धान्य आहे, परकी सत्ता आहे आणि कोणावर विश्वास ठेवायचा हा प्रश्न आहे.

गप्प बसण्याची सवय कुठून आली?

१९४२ मध्ये सरकारने सामूहिक दंडाचा वटहुकूम काढला होता. तोडफोड कोणी केली हे सापडले नाही तर त्या भागातील लोकांकडून दंड वसूल करायचा, असा तो मार्ग. देशात अनेक ठिकाणी त्याचा वापर झाला. अशा शिक्षेचा हिशेब पैशांपुरता नसतो. शेजाऱ्याच्या कृत्यासाठी आपल्याला भोगावे लागते, तेव्हा शेजाऱ्याकडे पाहण्याची नजर बदलते. कोण काय बोलला, कोणाकडे रात्री कोण आले, हे मोजले जाऊ लागते. ज्याच्याकडे माहिती आहे तो ती पोटात ठेवायला शिकतो.

त्यात फितुरी हा शब्द मराठी मनात आधीपासून खोल आहे. संभाजी महाराज १६८९ मध्ये संगमेश्वरला पकडले गेले, ती कथा मराठी घरांत फितुरीसकटच सांगितली जाते. त्यामुळे सिद्धगडासारखी घटना घडली की खबर कोणी दिली, हा प्रश्न गोळी कोणी झाडली या प्रश्नापेक्षा मोठा होतो. परका अधिकारी निघून जातो. संशय मात्र गावातच राहतो आणि सिद्ध न झालेल्या गोष्टीचा डाग पुढच्या पिढीवरही पडू शकतो. समूहस्मृती अभिमान देते, तशी ती अविश्वासही देते. २ जानेवारीच्या भाषणांत पहिली बाजू येते, दुसरी सहसा येत नाही.

राष्ट्राने काय लक्षात ठेवले?

स्वातंत्र्यानंतर स्मृतीला सरकारी रूप मिळाले. १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले गेले, निवृत्तिवेतन सुरू झाले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला राज्यभर हुतात्मा स्मारके बांधली गेली. नेरळला हुतात्मा चौक आहे, माथेरानला कोतवालांचे स्मारक आहे. दादर पश्चिमेला प्लाझा चित्रपटगृहासमोरचे वीर कोतवाल उद्यान रोज हजारो लोक ओलांडतात. २०२० मध्ये शहीद भाई कोतवाल हा मराठी चित्रपट आला.

या सगळ्याचा व्यक्तीच्या मनावर खरा परिणाम होतो. आपल्या तालुक्यातला, गरीब घरातला, नाभिक समाजातला माणूस इतिहासात आहे, हे कळणे लहान मुलासाठी मोठी गोष्ट असते. ज्या समाजांना इतिहासाच्या पुस्तकात सहसा सेवेकरी म्हणून जागा मिळते, त्यांच्यासाठी कोतवालांचे नाव ताठ उभे राहायला आधार देते. शोक जेव्हा सर्वांसमोर आणि सन्मानाने होतो, तेव्हा घाव हलका व्हायला मदत होते. घरात कोंडलेले दुःख आणि चौकात मानवंदना मिळालेले दुःख यांत फरक आहे.

मग काय विसरले गेले?

कोतवालांचे सार्वजनिक आयुष्य अनेक वर्षांचे. त्यातले भूमिगत पर्व जेमतेम चार-पाच महिन्यांचे आणि शेवट एका पहाटेचा. सार्वजनिक स्मृतीत क्रम उलटा झाला आहे. पहाट सर्वांत मोठी, मनोरे त्यानंतर, धान्यकोठी आणि शाळा ओझरत्या उल्लेखापुरत्या. हिराजी पाटील यांचे नावही अनेकदा दुसऱ्या क्रमांकावरच थांबते. दस्त्याला भाकरी पुरवणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या माणसांची नावे तर शिलेवर येतच नाहीत.

यामागे कारण आहे. मृत्यूला तारीख असते, जागा असते, म्हणून त्याचे स्मारक सोपे. धान्यकोठी हळूहळू भरते, तिचा स्मृतिदिन नसतो. पोवाड्याला आणि पडद्यालाही गोळीबार जवळचा, सवाई-दिढीचा हिशेब दूरचा.

पण मानसशास्त्राच्या अंगाने पाहिले तर इथे मोठे नुकसान होते. फक्त मरणाची आठवण मिळालेला मुलगा एवढेच शिकतो की चांगली माणसे मारली जातात आणि घात जवळच्यांकडून होतो. त्याला अभिमान वाटतो, पण करायला काही हाती येत नाही, कारण रोज उठून कोणी हुतात्मा होऊ शकत नाही. जगण्याची आठवण मिळालेल्या मुलाला वेगळे कळते. अपमान आणि भूक वारशाने आलेल्या एका तरुणाने त्यावर हिशेबाची वही काढली, शेजाऱ्यांना एकत्र बसवले, शाळा उघडली. हे उद्या सकाळी आपल्यालाही करता येण्यासारखे आहे.

आजच्या मुरबाड-शहापूरला याचा संबंध काय?

खावटी हा शब्द अजून गेलेला नाही. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्याच्या अडचणीच्या काळात मदत म्हणून राज्य सरकारची खावटी योजना याच नावाने आली, म्हणजे कोतवालांनी हेरलेली ती रिकाम्या कणगीची मुदत सरकारलाही मान्य करावी लागली. डोंगरातल्या वाड्यांतून आजही सुगी संपली की कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात, वीटभट्ट्यांवर उचल घेऊन राबतात. उचल आणि दिढी यांची जात एकच आहे, आज घ्यायचे आणि उद्याच्या कष्टाने जास्त फेडायचे.

म्हणून कोतवालांची आठवण हा केवळ श्रद्धांजलीचा विषय राहत नाही. त्यांनी ज्या भीतीवर काम केले, ती अजून संपलेली नाही. आघात पुढच्या पिढीला आपोआप पोहोचतो, त्यासाठी कोणाला काही करावे लागत नाही. त्या आघातावरचा उपाय मात्र कोणी तरी मुद्दाम सांगावा लागतो.

येत्या २ जानेवारीला सिद्धगडावर मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी गोळीबाराची जागा जरूर दाखवावी. त्याच जागी बसून त्यांना कणगी, खावटी आणि धान्यकोठी म्हणजे काय, हेही सांगावे. भाई कोतवालांच्या आयुष्यातला तो भाग सर्वाधिक वर्षे चालला होता.